सेन्सरवरचा भंडारा

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उभं राहून लेन्स बदलू नये, एवढं मला कळत होतं. तरी बदलली. एकदा नाही, दोनदा.

तारीख १३ नोव्हेंबर २०२३. रविवारी लक्ष्मीपूजन झालेलं, सोमवारी दुपारपर्यंत अमावस्या, म्हणजे ऐन दिवाळीत सोमवती. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते. त्या वेळी जो भंडारा उधळला जातो तो पाहिलेल्याला सांगायला नको आणि न पाहिलेल्याला सांगून कळायचा नाही. माणसं पिवळी, पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, शेजारच्या आजोबांच्या मिशा पिवळ्या. हवाच पिवळी होते. सोबत खोबऱ्याचे तुकडे उधळतात, ते नेमके डोक्यात बसतात. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणायला तोंड उघडलं की जिभेवर हळद.

माझी तयारी जय्यत होती. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, तिला रबरबँड, लेन्सच्या तोंडावर फिल्टर. फक्त कॅमेऱ्याला लावलेली होती १८-५५, म्हणजे जवळचं, रुंद दृश्य टिपणारी लेन्स, आणि मी गर्दीत जिथे अडकलो होतो तिथून पालखी करंगळीच्या नखाएवढी दिसत होती. दूरचं जवळ आणणारी ७०-३०० पाठीवरच्या सॅकमध्ये. पालखी आत्ता वळणार. मग काय, भिंतीकडे तोंड केलं, पिशवी वर सरकवली, एका हातात एक लेन्स, दुसऱ्या हातात दुसरी. तिसरा हात कॅमेऱ्याला हवा होता, तो नव्हता, म्हणून कॅमेरा पोटाशी दाबून धरला, तोंड आकाशाकडे. पाच सेकंद. फार तर सात. पालखी खाली उतरल्यावर हीच कसरत उलट्या क्रमाने.

रात्री घरी संगणकावर फोटो टाकले. पिवळ्या लोटांमधले फोटो झकास आले होते. एकही डाग नाही. शेवटी परतताना काढलेले दहा-बारा फोटो उरले: खालून दिसणारा गड, वर दिवाळीतलं निवळलेलं निळं आकाश, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/१६. त्या निळ्यात माश्या बसल्या होत्या. करड्या, कडा विरलेल्या, गोल. पुढचा फोटो उघडला, माश्या तिथेच. त्याच्या पुढचा, तिथेच. गड हलला, ढग हलले, माश्या जागच्या हलल्या नाहीत.

कॅमेरा वापरणाऱ्या कोणालाही आता लगेच कळलं असेल. मला कळायला दोन दिवस लागले, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. लेन्सवर घाण असेल, असं मी ठरवलं. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा घेऊन १८-५५ ची पुढची काच पुसली. मागची पुसली. फिल्टर काढून पुसला. पुन्हा आकाशाचा फोटो. माश्या हजर. वास्तविक लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा असला तरी फोटोत त्याचा असा ठिपका उमटत नाही. फार तर उजेडासमोर फोटो थोडा धुरकट होतो. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारे काळे कणही फोटोत येत नाहीत, ते वरच्या फोकसिंग स्क्रीनवर बसलेले असतात. हे सगळं मला माहीत होतं. पण लेन्स पुसायला धाडस लागत नाही.

शेवटी ७०-३०० लावून तेच आकाश टिपलं. लेन्स दुसरी, माश्या त्याच जागी. म्हणजे घाण लेन्सवर नव्हती, कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरवर होती; फिल्मच्या जागी फोटो टिपते ती ही चिप. संपला विषय.

मग मी मागे जाऊन त्या दिवसाचे सगळे फोटो क्रमाने पाहिले, आणि एक गंमत दिसली. पहिल्यांदा लेन्स बदलल्यावर लगेचचा जो फोटो होता, त्यातल्या आकाशाच्या तुकड्यात काहीच नव्हतं. चाळीसेक फोटोंनंतर तीन डाग. शंभरेक फोटोंनंतर सात. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, लेन्स काढली म्हणून सेन्सर उघडा पडत नाही. पुढे आरसा असतो, आरशामागे शटरचा पडदा. भंडारा आधी पडला तो आरशाच्या खोबणीत, आणि पुढे प्रत्येक क्लिकला आरसा वर-खाली होताना, पडदा उघड-मीट करताना मीच तो हळूहळू आत पंखा घालून पोचवत होतो. मिररलेसवाले आपल्या कॅमेऱ्यात आरसाच नाही म्हणून मिरवतात, त्यांचा सेन्सर तर लेन्स काढताच दाराशी येऊन उभा राहतो. कॅनननं २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा लागून राहील अशी सोय केली, ती उगाच नाही.

माझा पहिला कॅमेरा रोलचा होता. त्यातही धूळ जायची, पण तिथे प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा. कण आला तर एका फोटोत आला, पुढच्या वेळी फिल्मबरोबर पुढे सरकला. फार तर एखादा खडा अडकून अख्ख्या रोलवर रेघ ओढायचा. डिजिटलमध्ये पाटी एकच. तिच्यावर काही सांडलं की पुढचं सगळं लिखाण त्याच डागावर.

नेटवरचा सल्ला वाचून रीतसर चाचणी घेतली. संगणकावर पांढरं कोरं पान पूर्ण पडद्यावर उघडायचं. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर एफ/२२, ऑटोफोकस बंद, फोकस अनंतावर ठेवून कॅमेरा पडद्याच्या जवळ न्यायचा म्हणजे सगळं धूसर. शटर एक-दोन सेकंद उघडं राहतं, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा मुद्दाम हलवायचा. हे वाचून मी दचकलो होतो, जन्मभर ‘हलवू नको’ हेच ऐकलेलं. पण हलवल्यानं पडद्यावरचे पिक्सेल पुसट होतात आणि सेन्सरवरची धूळ सेन्सरबरोबरच हलते, त्यामुळे ती तेवढी स्पष्ट राहते. त्या फोटोचा कॉन्ट्रास्ट चढवला आणि मोजले. तेवीस. शिवाय वरच्या कडेला एक वाकडा केस.

तोच फोटो एफ/२.८ ला काढला असता तर कदाचित एकही दिसला नसता. माझ्याकडच्या लेन्स तेवढ्या उघडत नाहीत, पण एफ/५.६ ला काढून पाहिला: तेविसातले मोठे चार-पाच, तेही ओळखीचे होते म्हणून सापडले. याचं कारण समजलं तेव्हा मला त्या डागांबद्दल जरा प्रेमच वाटायला लागलं. आपण सेन्सरवर धूळ बसली म्हणतो, पण खऱ्या सेन्सरला ती शिवतसुद्धा नाही. सेन्सरसमोर काचेचे थर असतात, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर, काही मॉडेलांत लो-पास फिल्टर, आणि कण बसतो त्यांच्या बाहेरच्या अंगावर. फोटोत दिसते ती त्याची सावली. लहानपणी दिवे गेले की भिंतीवर हातांचं हरीण करायचो ते आठवा. मेणबत्तीपुढे शिंगांसकट उमटायचं. ट्यूबलाइट आली की हरीण गायब, नुसता करडा ढग. लहानशा उजेडाची सावली रेखीव, पसरट उजेडाची विरलेली.

आकड्यांत सांगायचं तर, काचेचं बाहेरचं अंग सेन्सरपासून एक मिलिमीटरवर आहे असं धरू. एफ/२२ ला प्रत्येक पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेतून जाताना एक भागिले बावीस, म्हणजे साधारण ४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो. तिथे पन्नास मायक्रॉनचा कण बसला असेल तर तो अख्खा शंकू अडवतो, म्हणून मध्यभागी चांगला काळा डाग. एफ/२.८ ला तोच शंकू ३६० मायक्रॉनच्या आसपास. त्यात पन्नास मायक्रॉनचा कण म्हणजे पातेलंभर चहात साखरेचा एक दाणा. माझ्या कॅमेऱ्यात साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत सहा हजार पिक्सेल, एकेक जेमतेम चार मायक्रॉनचा, तेव्हा आपल्याला कण बारीक वाटतो तो पिक्सेलच्या दृष्टीनं धोंडा असतो.

आईला सांगितलं की कॅमेऱ्यात भंडारा गेलाय. ती म्हणाली, “मग पुसतोस कशाला? देवाचा आहे.”

तिला म्हटलं, भंडाराच कशावरून? कॅमेरा सेकंडहँड घेतलेला, आधीच्या मालकाची धूळ असेल, घरातली असेल, रांगोळीची असेल. फोटोत तर सगळे डाग करडेच दिसतात, सावलीला कुठला रंग. “कळेल तुझं तुलाच,” एवढंच म्हणून ती चकल्यांच्या डब्याकडे वळली. हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. आत नक्की काय आहे?

पहिला उपाय कॅमेऱ्यातच होता. मेनूत सेन्सर साफ करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की पुढची काच सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि कण झटकून टाकते. ही युक्ती ऑलिंपसनं २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात आणली, कॅननच्या ४००डी मध्ये ती २००६ ला आली, नायकॉनच्या डी३०० मध्ये २००७ ला. कॅमेरा टेबलावर नेहमीसारखा बुडावर ठेवून हे करायचं, म्हणजे झटकलेले कण खाली पडतात. मी आठ वेळा केलं. प्रत्येक वेळी बारीक किर्र आवाज. तेविसाचे एकवीस झाले आणि केस गेला. कोरडी धूळ असती तर याहून जास्त गेली असती, अशी नोंद मी मनात केली.

दुसरा पर्याय, डाग फोटोतच पुसणे. लाइटरूम या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१३ पासून डाग उठून दिसावेत अशी एक काळी-पांढरी दृष्टी आहे. ती चालू केली की आकाशातली प्रत्येक माशी चमकते. डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी असल्यानं एका फोटोतली दुरुस्ती बाकीच्यांवर उतरवताही येते. पण आकाशात हे चालतं. ज्या फोटोत त्याच जागी एखाद्या वारकऱ्याचा गाल येतो, तिथे सॉफ्टवेअर शेजारच्या फेट्याचा तुकडा उचलून गालावर लावतं. एका फोटोला चाळीस मिनिटं घालवल्यावर मी तो नाद सोडला.

तिसरा, ब्लोअर. रबरी फुगा, पुढे नळी. मी तो आणला आणि एक गोष्ट बरी केली, की आधी बाहेरच दहा-पंधरा वेळा जोरात दाबला. नव्या फुग्यात आतून भुकटी असू शकते. काळ्या कापडावर दाबून पाहिलं तर पांढरा फवारा आला. तोच सेन्सरवर गेला असता. घरातली जागा ठरवली बाथरूम. गरम पाण्याची आंघोळ होऊन तासभर झाला की तिथली हवा इतर खोल्यांपेक्षा निवळ असते. पंखा नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे छताचा पंखा म्हणजे वर्षभराची धूळ साठवून ठेवलेली तीन पाती, दिवाळीत पुसली असली तरी.

बॅटरी पूर्ण भरून घेतली. सफाईसाठी आरसा वर करून ठेवण्याचा वेगळा पर्याय मेनूत असतो, आणि बॅटरी कमी असेल तर माझा कॅमेरा तो उघडूच देत नाही. योग्यच आहे. मधेच वीज संपली तर आरसा आणि पडदा खाली येणार ते तुमच्या हातातल्या वस्तूवर. काही लोक बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबलेलं असेतोवरच शटर उघडं राहतं त्या सोयीवर, शटर दाबून धरून सफाई करतात. बोट घसरलं की खेळ खलास. लेन्स काढली, आरसा वर गेला, आणि पहिल्यांदाच सेन्सर समोर. हिरवट-जांभळी झाक असलेली, पोस्टाच्या तिकिटाएवढी काच. मला तिच्यावर काहीही दिसेना. एकवीस डागांची ती काच डोळ्यांना आरशासारखी स्वच्छ.

कॅमेरा तोंड खाली करून डोक्याच्या वर धरला, नळी आत न घालता खालून फुगा दाबला. वीस वेळा. चाचणी: अकरा. पुन्हा वीस वेळा. नऊ. पुन्हा वीस. नऊ. हे नऊ हलायला तयार नव्हते.

आणि इथे माझ्या हातून जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कॅमेरा उजेडाकडे वळवून, डोळा बारीक करून पाहत होतो. कोपऱ्यात एक पिवळसर कण आहे असं वाटलं, खात्री नव्हती. आणि मी फुंकर मारली. ठरवून नाही. डोळ्यात कण गेला की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकायची आणि डोळ्याला लावायची, जखमेवर फुंकर, गरम दुधावर फुंकर, शाळेत पेनच्या निबवर फुंकर. चाळीस वर्षांची सवय आहे, ती मेंदूला विचारत नाही.

चाचणीचा फोटो काढला. नऊ जुने, आणि खालच्या अर्ध्या भागात आकाशगंगा. बारीक बारीक गोल थेंब, काहींना कडा. माझी थुंकी वाळून बसली होती.

बायको बाहेरून दार वाजवत होती. “अजून किती वेळ? आत काय ऑपरेशन चाललंय का?” मी उत्तर दिलं नाही, कारण चाललं होतं तेच.

त्यानंतर मी शहाण्यासारखा कॅमेरा घेऊन शहरातल्या एका दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलानं टॉर्च मारून आत पाहिलं, “वेट क्लीनिंग लागेल”, म्हणजे द्रव लावून पुसावं लागेल, म्हणाला, एक फॉर्म पुढे केला. दहा दिवस लागतील, आणि सफाईत सेन्सरच्या कोटिंगला काही झालं तर जबाबदारी ग्राहकाची. दर ऐकून मी गप्प झालो, पण दरापेक्षा त्या ओळीनं जास्त. जबाबदारी माझीच असेल तर हातही माझाच का नसावा? शिवाय तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. भाचीचा साखरपुडा २६ नोव्हेंबरला होता आणि फोटो मामाच काढणार हे माझ्या न कळत ठरलेलं होतं. खरं तर हॉलमध्ये मी एफ/४-एफ/५.६ च्या पुढे जाणार नव्हतो, डाग दिसलेच नसते. पण एकदा तेवीस मोजल्यावर न दिसणारेही दिसायला लागतात.

नवा कॅमेरा असता तर कंपनीच्या नावानं खडे तरी फोडले असते. तसंही कधी घडतं: नायकॉनच्या २०१२ च्या डी६०० मध्ये सेन्सरवर कणांचे डाग पडतात अशी इतकी ओरड झाली, की २०१४ मध्ये कंपनीनं फुकट तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची घोषणा केली. माझ्या बाबतीत गुन्हेगार एकच, आणि तो जेजुरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला धीर दिला तो आमच्या भागातल्या एका जुन्या घड्याळजी काकांनी. त्यांच्याकडे गेलो होतो ते डोळ्याला लावायचं भिंग उसनं मागायला. पुठ्ठ्यावर मांडलेली घड्याळं, बारीक चिमटे, आणि शेजारी, माझ्यासारखाच रबरी फुगा. त्यांचा माझ्या ब्लोअरपेक्षा तीस वर्षांनी मोठा असेल. मी सगळी कहाणी सांगितली, थुंकीसकट. ते हसले नाहीत.

“अहो, घड्याळात पण लोक फुंकतात. तोंडची वाफ म्हणजे पाणीच. गंज धरतो.” मग त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवून दाखवलं. “हात अधांतरी ठेवू नका. आधी टेकायला जागा करा, मग हत्यार उचला. आणि एकदा लावलेलं फडकं परत लावायचं नाही. घाण काढायला गेलात आणि घाणीनंच घासलंत, तर ओरखडा तुमचा.”

पुढे स्वॅबच्या, म्हणजे सेन्सर पुसायच्या काड्यांच्या, पाकिटावरच्या सूचना वाचल्या, त्यांत याहून जास्त काही नव्हतं.

स्वॅब मागवले. चपट्या प्लॅस्टिकच्या काडीला न धागे सुटणारं कापड, एकेक सीलबंद. इथे माप बघून घ्यायचं: माझा क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, सेन्सर १५.६ मिलिमीटर उंच, त्याला १६ मिलिमीटरचा स्वॅब, म्हणजे एका फटक्यात वरपासून खालपर्यंत. फुलफ्रेमला, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरला, २४ चा लागतो. सोबत मिथेनॉलच्या जातीचं द्रव, जे मागे काही न ठेवता उडून जातं. हे विषारी आणि ज्वालाग्राही असतं, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. दिवाळीचा महिना, घरात कुठे ना कुठे पणती तेवत असायची. त्या दिवशी मी आधी सगळं घर फिरून आलो.

घड्याळजींचं भिंग डोळ्याला लावलं तेव्हा प्रथमच दिसलं. नऊपैकी पाच तरी. कडेचा एक कण स्पष्ट पिवळा होता, कडा तेलकट चमकणाऱ्या. हळदीत तेल असतं. खोबऱ्याचं तर विचारायलाच नको. ते नऊ कण हवेला का बधले नाहीत, ते उमगलं. ते बसले नव्हते, चिकटले होते.

कुठल्या डागाला कुठे शोधायचं याचा एक नियम लक्षात ठेवायला लागतो. लेन्स प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही उलटी पाडते, पण समोरून पाहताना डावं-उजवं पुन्हा सरळ होतं. फोटोत डाग वर डावीकडे असेल तर कॅमेऱ्याच्या समोरून पाहताना तो खाली डावीकडे सापडतो. मी फोटोचा कागदावर ढोबळ नकाशा काढला आणि तो वरचं खाली असा, पाण्यात प्रतिबिंब दिसावं तसा पुन्हा उतरवला. पहिल्यांदा चुकलो होतो, म्हणून तर नसलेल्या कोपऱ्यात कण शोधत फुंकर मारली.

टेबल, त्यावर धुतलेलं चादरीचं कापड, पंखा बंद, खिडकी जरा उघडी पण वारा नाही. कॅमेरा पाठीवर, तोंड वर. मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकलेलं. आधी पुन्हा ब्लोअर, कारण कोरडा सुटा कण स्वॅबखाली सापडला तर तो काचेवरून फरफटत जाणार. मग स्वॅबच्या कडेला द्रवाचे दोन थेंब. तिसरा टाकायचा मोह होतो, टाकू नये. पाच-सहा सेकंद थांबायचं, कापडात मुरू द्यायचं. मग डाव्या कडेला टेकवून, काडी किंचित वाकेल इतका दाब देऊन, एका संथ ओढीत उजव्या कडेपर्यंत. उचलायचं. बाजू पालटायची. उजवीकडून डावीकडे. संपलं.

पुसायला सगळे मिळून सहा सेकंद. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

स्वॅब पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला. कापडाच्या कडेला फिकट पिवळी रेघ. हळदीतला रंग, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही पण मिथेनॉलमध्ये विरघळतो; म्हणजे सेन्सरवरचे ते कण धुतले जाताना आपला रंग सोडून गेले. इतके दिवस करडी सावली म्हणून पाहत होतो, ती आता तिच्या खऱ्या रंगात कागदावर पडली होती. आईला नेऊन दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिलं, काही बोलली नाही. स्वॅब कचऱ्यात टाकायला निघालो तेव्हा मात्र म्हणाली, “तिथे नको. कुंडीत टाक.” मी म्हटलं, अगं, त्याला विषारी औषध लावलंय, झाड मरेल. “मग बाहेर वाळू दे आणि मग टाक.” तो स्वॅब दोन दिवस खिडकीत वाळत होता. उन्हानं हळदीचा डाग उडतो तसा त्याचाही पिवळा रंग उडून गेला.

चाचणी मात्र नापास. नऊपैकी तीन उरले, थुंकीचे थेंब गेले, पण उजव्या कडेला द्रव वाळल्याची एक लाटेसारखी रेघ. द्रव जास्त झालं की असं होतं, आणि ओढीच्या शेवटी स्वॅब थबकला की कडेला ते साचतं. माझं दोन्ही झालं होतं. दुसरा स्वॅब घेतला, एकच थेंब. फार कोरडा झाला. काचेवर किंचित अडखळल्यासारखं वाटलं आणि माझा श्वासही अडखळला. रेघ अर्धी गेली. एक नवा धागा आला, बहुधा माझ्या बाहीचा. त्याला ब्लोअरनं उडवलं. मग उठलो, चहा घेतला, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घातला. लोक या कामाला आधी मनाची तयारी सांगतात. मला विचाराल तर आधी बाही बघा.

तिसरा स्वॅब दोन थेंबांचा, मोजून. ओढ एकसारखी, शेवटाला न थांबता सरळ वर उचललेला. आरसा खाली आणला, लेन्स लावली, एफ/२२, पांढरा पडदा, कॅमेरा मुद्दाम गदागदा हलवला. कॉन्ट्रास्ट चढवला. वरचा सगळा भाग, जिथे माझ्या फोटोंत आकाश असतं, कोरा. रेघ नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन ठिपके, एक मोठा, एक त्याच्या अंगाला लागून.

पाकिटात अजून स्वॅब होते. मी चौथा उघडला नाही. त्या कोपऱ्यात माझ्या फोटोंत बहुतेक जमीन असते, गवत, दगड, माणसांच्या चपला. आईनं विचारलं, “गेला का सगळा?” मी म्हटलं, थोडा ठेवलाय.